मदत हवी आहे: खोल समुद्रातल्या तीन माशांचं कुल (फॅमिली) कसं ठरवायचं?

संत्रानगरी:
नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तीन बरण्या आहेत. चिठ्ठ्यांवर 'अरबी समुद्र, खोल पाणी' एवढंच वाचता येतं. पहिला मासा ५ सेंमी, डोळे टपोरे, पोटाच्या कडेनं ठिपक्यांची ओळ. दुसरा तेवढाच, पण काळपट आणि बारीक डोळ्यांचा. ठिपके त्यालाही आहेत. तिसरा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. पहिले दोन्ही लँटर्नफिशच (अंगावर उजेड देणारे ठिपके असलेले छोटे मासे) का? ठिपके मोजले तर दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत. कोणी सांगता का जी?

कल्लेपर:
ठिपके नंतर मोजा. ते प्रकाशावयव, म्हणजे उजेड देणारे अवयव आहेत. जाळ्यात मासा घासला की खवल्यांबरोबर तेही निघून जातात, म्हणून आकडे जुळत नाहीत. शिवाय इथे शक्यता दोन गणांची (गण म्हणजे कुलांचा मोठा गट) आहे, लँटर्नफिशचा मिक्टोफिफॉर्मिस आणि दुसरा स्टोमिफॉर्मिस, आणि ठिपके दोन्हींत असतात.

आधी जबडा बघा. बोथट सुईनं तोंड हळूच उघडा, दिवा बाजूनं तिरपा धरा, १० पट भिंग लावा. वरच्या जबड्यात दोन हाडं असतात, पुढचं प्रीमॅक्सिला आणि मागचं मॅक्सिला. लँटर्नफिशच्या वरच्या जबड्याची सगळी कड प्रीमॅक्सिलाची असते; मॅक्सिला तिच्या मागे, बिनदातांची. स्टोमिफॉर्मिस गणात मॅक्सिलाही कडेला येते आणि तिच्यावर दात असतात. दुसऱ्यात असे दात दिसले आणि पाठीवर मेदपर (शेपटीजवळचा छोटा, मऊ पर) नसला, तर तो बहुधा सायक्लोथोन, कुल गोनोस्टोमॅटिडी. तिसरा हॅचेटफिश, स्टर्नोप्टिकिडी. त्याचे डोळे नळीसारखे वर वळलेले असतील तर प्रजाती (जीनस) आर्जिरोपेलेकस.

पहिल्याचा गुदपर (पोटाकडचा, गुदद्वारामागचा पर) कुठून सुरू होतो ते बघा. पृष्ठपराच्या (पाठीवरच्या मोठ्या पराच्या) खालून किंवा लगेच मागून असेल तर कुल मिक्टोफिडी. बराच मागे असेल तर निओस्कोपेलिडी. मिक्टोफिफॉर्मिस गणात कुलं दोनच.

संत्रानगरी:
जबडा जुळला. पहिल्याचा मेदपर मात्र सापडत नाही. बरणीतलं अल्कोहोलही अर्ध्यावर आलंय.

कल्लेपर:
मासा हवेत धरला की मेदपर पाठीला चिकटतो. काचेच्या वाटीत अल्कोहोलमध्ये बुडवून बघा, आपोआप उभा राहील. तेव्हाच शेपटीच्या देठाकडेही बघा: वरच्या बाजूला प्रकाशग्रंथी (उजेड देणारी ग्रंथी) असेल तर बऱ्याच जातींत तो नर, खालच्या बाजूला असेल तर मादी.

अल्कोहोलमध्ये नुसती भर घालू नका. आपल्या मे महिन्यात पाण्याआधी अल्कोहोल उडतं, उरलेलं पातळ होतं आणि मासा मऊ पडतो. सगळं बदला: ९५ टक्क्यांचं ७० मिली, पाणी २५ मिली, झालं ७० टक्के. झाकणाचं रबरही नवं घाला.

नवी चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जुनी फेकू नका, तीही त्याच बरणीत राहू द्या.