शब्दचर्चा: ‘कॉन्फरन्स’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘ब्रँड’ला?

अटलांटाकर
सप्टेंबर उजाडला की इथे शनिवारी कॉलेज फुटबॉलखेरीज विषय नसतो. (अमेरिकन फुटबॉल, त्यात पायापेक्षा हातालाच काम जास्त.) आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या कायमच्या संघटनेला इथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात; एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) आणि बिग टेन या त्यांतल्या दोन. बाबांना फोनवर सांगत होतो, ‘एसईसी आणि बिग टेन यांत कुठल्या कॉन्फरन्सचा ब्रँड मोठा, यावरून ऑफिसात वाजलं.’ बाबा म्हणाले, ‘कॉन्फरन्समध्ये भांडलात? कुठल्या हॉटेलात होती?’ तर मराठी शब्द सुचवा. संघ? गट?

शब्दवेल्हाळ
संघ नको, तो टीमसाठी अडकलाय. ‘सोळा संघांचा संघ’ कोण वाचणार! गटही नको. विश्वचषकातला गट स्पर्धेपुरता, एसईसी १९३२ पासून नांदतेय.

जुनी_वही
सरळ ‘परिषद’ म्हणा. १८९६ साली शिकागोत बिग टेन स्थापन झाली, तेव्हा तिच्या मूळ नावातली कॉन्फरन्स म्हणजे प्राध्यापक प्रतिनिधींची परिषदच होती. बैठकीचं नाव पुढे संस्थेला चिकटलं. आपल्याकडेही तेच: पत्रकार परिषद तासाभरात उरकते, जिल्हा परिषद कायमची.

ओहायोची_सून
परिषद बरोबर आहे, पण त्यात रग नाही. माझं मत ‘भावकी’ला. एसईसीतल्या अलाबामा आणि ऑबर्न यांचं एरवी हाडवैर, पण बाहेरच्या टीमला हरवलं की स्टेडियमभर ‘एस-ई-सी, एस-ई-सी’चा घोष. भावकीसारखी वाटणीही आहे, टीव्हीच्या पैशांची. २०२४ ला बिग टेनमध्ये आलेल्या ओरेगन आणि वॉशिंग्टनला तर सुरुवातीची काही वर्षं पूर्ण वाटाही नाही. नव्या सुना!

शब्दवेल्हाळ
भावकी झकास, बातमीत मात्र चालणार नाही. ब्रँडचं काय?

जुनी_वही
तिथे एका शब्दात भागत नाही. मैदानावरच्या वर्चस्वाला ‘दबदबा’. २००६ ते २०१२ सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेता एसईसीचाच होता, तो दबदबा. ‘पत’ वेगळी. पत म्हणजे तुमच्या नावावर समोरचा पैसे मोजतो की नाही. बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी २०२३ पासूनचा सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. तो सुरू झाला तेव्हा लागोपाठ दोन हंगाम विजेती होती एसईसीची जॉर्जिया. म्हणजे दबदबा एकीकडे आणि पत दुसरीकडेही असू शकते. ‘लोकप्रियता’ दोन्हींना लावली की हा फरकच बुजतो.

ओहायोची_सून
तुमचा दबदबा आता उत्तरेला सरकलाय हो. २०२३ ला मिशिगन विजेतं, २०२४ ला आमचं ओहायो स्टेट, दोन्ही बिग टेनची!

शब्दवेल्हाळ
आणि पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स पॅक-१२? २०२४ मध्ये दहा कॉलेजं निघून गेली, दोन उरली. गेलेल्यांतली स्टॅनफर्ड आणि कॅल शिरली कुठे, तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. कॅलिफोर्नियातून! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

अटलांटाकर
बाबांना ‘भावकी’ एकदम पटला. पुढचा प्रश्न आलाच: ‘बिग टेन म्हणतोस, मग त्यात अठरा कॉलेजं कशी?’

जुनी_वही
सांगा, त्यांच्याकडे ‘नाव चालतं’, म्हणून बदलत नाहीत. पेन स्टेट आलं आणि अकरा झाली, तेव्हा बोधचिन्हात टी अक्षराच्या दोन बाजूंना ११ चा आकडा लपवला होता. अठरा लपवायला टी पुरला नसता.