घरी बांधत असलेल्या विमानाचं वजन दर वेळी वेगळं येतंय, मदत हवी आहे

मंडळी, वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये दोन सीटचं टेलव्हील (दोन चाकं पुढे, तिसरं शेपटीखाली) विमान बांधतोय. इंजिन बसलंय, पंख अजून लागायचेत. तिन्ही चाकांखाली बाथरूमचे डिजिटल काटे ठेवले, शेपूट उचलून लेव्हल केली, तीनदा मोजलं. बेरीज ४-५ किलोनं हलते. किराणावाल्याकडून २० किलोची वजनं आणून काटे तपासले, ते ठीक निघाले. जमिनीचा उतार पत्र्याचे तुकडे घालून काढलाय. शेडमधला पंखा बंद होता, हेही सांगून ठेवतो! संशय असा, की विमान ढकलत काट्यावर चढवलं की पुढची चाकं फाकतात आणि काटा तिरका दाबला जातो. आता ३०० किलोचा एकच प्लॅटफॉर्म काटा भाड्याने मिळतोय. बाकी दोन चाकांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे ठेवून एकेक चाक मोजलं तर चालेल, की आधी चाकं मोकळी सरकावीत म्हणून प्रत्येक चाकाखाली दोन-दोन पत्रे, त्यांच्यामध्ये ग्रीस लावून, घालून बघू?