रोमचा 'डिक्टेटर' आणि मराठीतील 'हुकूमशहा'

प्रश्न : प्राचीन रोमच्या इतिहासाची परीक्षा मी मराठीतून देणार आहे. 'कॉन्सल' आणि 'ट्रिब्यून' ही पदनामे मी जशीच्या तशी लिहितो. मग प्रजासत्ताक काळातील 'डिक्टेटर'साठी 'हुकूमशहा' लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते ते टाळावे. 'हुकूमशहा' या शब्दात 'शहा' आहे, आणि इ.स.पू. 509 मध्ये राजाला हाकलून लावल्याचा अभिमान बाळगणाऱ्या रोमनांना राजपदाचा वासही सहन होत नसे. डिक्टेटर हे कायद्याने मान्य केलेले पद होते. संकटाच्या वेळी सिनेटच्या सल्ल्यावरून कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी, त्याची नेमणूक करीत असे, मुदत जास्तीत जास्त 6 महिन्यांची असे आणि नेमून दिलेले काम संपताच त्याने पायउतार व्हावे, अशी अपेक्षा असे. हे काम दर वेळी युद्धाचेच असे, असेही नाही. इ.स.पू. 363 मध्ये रोगाची साथ हटेना, तेव्हा ज्युपिटरच्या मंदिरात विधिपूर्वक खिळा ठोकण्यासाठी डिक्टेटर नेमला गेला! पुढे इ.स.पू. 287 च्या सुमारास हॉर्टेन्सियस या डिक्टेटरने प्लेबियनांच्या, म्हणजे सामान्य नागरिकांच्या, सभेचे ठराव सर्व नागरिकांना बंधनकारक करणारा कायदा केला. सामान्यांच्या सभेचे बळ वाढवणाऱ्या या माणसाला 'हुकूमशहा' म्हटले, तर उत्तराचा अर्थच उलटा होतो.

सेनापती सुल्लाने इ.स.पू. 82 मध्ये मुदतीचे बंधन झुगारले आणि इ.स.पू. 44 मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. त्यांच्या सत्तेचे मूल्यमापन करताना 'हुकूमशाही' हा शब्द अवश्य वापरावा. पदनाम म्हणून मात्र तेथेही 'डिक्टेटर'च ठेवावे.

प्रश्न : मग 'सर्वाधिकारी' कसा वाटतो?

उत्तर : तो बराच जवळचा आहे. 1939 च्या हैदराबाद सत्याग्रहात एका नेत्याला अटक झाली की आर्य समाज दुसरा सर्वाधिकारी नेमत असे, त्यामुळे प्रसंगापुरते सोपवलेले नेतृत्व ही छटा या शब्दाला आपल्याकडे लाभलेली आहे. पहिल्या उल्लेखात 'डिक्टेटर, म्हणजे ठरावीक मुदतीचा सर्वाधिकारी' असे लिहून पुढे नुसते 'डिक्टेटर' लिहावे. रोमचा पहिला सम्राट मानल्या जाणाऱ्या ऑगस्टसवरील उत्तरात मात्र यांपैकी एकही शब्द पदनाम म्हणून घालू नये, कारण सीझरच्या हत्येनंतर त्याचा सहकारी अँटनी याने कायदा करून हे पद रद्द केले होते आणि इ.स.पू. 22 मध्ये लोकांनी आग्रह धरला तरी ऑगस्टसने ते नाकारले; त्याच्यासाठी 'प्रिन्सेप्स', अर्थात 'प्रथम नागरिक', असेच लिहावे.