जुन्या स्टिरिओ कन्सोलच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी सुटे भाग कसे शोधावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या मामांचा जुना स्टिरिओ कन्सोल, म्हणजे जुनी मंडळी ज्याला रेडिओग्राम म्हणत तशी लांबट लाकडी पेटी, गेल्या वर्षी माझ्याकडे आली. झाकण उचलले की डावीकडे रेडिओ, उजवीकडे सात-आठ रेकॉर्डी रचून ठेवल्या की त्या एकामागून एक आपोआप वाजवणारा चेंजर, आणि खाली दोन्ही टोकांना जाळीच्या कापडामागे स्पीकर अशी रचना आहे. वेगाच्या कळीवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चारही आकडे आहेत आणि सेट स्टिरिओ आहे. स्टिरिओ एलपी १९५८ साली बाजारात आल्या, त्यामुळे सेट त्यानंतरचा, बहुधा साठच्या दशकातला असावा, एवढे मला ठरवता आले. लाकूड उत्तम स्थितीत आहे आणि रेडिओ लागतो. रेकॉर्ड प्लेअर मात्र नीट चालत नाही.

पहिली अडचण वेगाची आहे. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून मी फेरे मोजले, तेव्हा ३३च्या वेगाला मिनिटाला साधारण ३१ फेरे भरले, आणि रेकॉर्ड ठेवल्यावर तेही कमी-जास्त होऊ लागले. थाळी उचलून पाहिली असता मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये फिरणारे रबरी चाक नखाने दाबले तरी दबत नाही इतके कडक झालेले दिसले. त्याला एका जागी खड्डाही पडला आहे, आणि दर फेऱ्याला स्पीकरमधून धप् असा आवाज येतो तो त्याचाच असावा. स्पिरिटने पुसल्यावर एक दिवस ते बरे चालले, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

दुसरी अडचण सुईची. कार्ट्रिज, म्हणजे भुजेच्या टोकाचा सुई धरणारा भाग, उलटवता येणारे आहे, एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ची. एलपीच्या बाजूचे टोक तुटले आहे. पेटीमागच्या कागदावर छापलेले कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक घेऊन मी आठ महिने शोध घेतला, पण हाती लागले ते फक्त अशा पेट्यांचे पाय आणि बटणे विकणाऱ्यांच्या जाहिराती. एका विक्रेत्याने ‘सगळ्या जुन्या सेटना हीच सुई लागते’ असे छातीठोकपणे सांगून एक सुई पाठवली, ती खाचेत बसतसुद्धा नाही.

तिसरी अडचण अशी की डावीकडचा आवाज क्षीण आणि फाटका येतो. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, हे भाग नेमके कोणत्या नावाने शोधावेत, आणि जुन्या कार्ट्रिजच्या नादी न लागता आजचे मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवून टाकणे शहाणपणाचे ठरेल का?

– धागाकर्ता

प्रतिसाद : व्हॉल्व्हवाला

तुमचे आठ महिने वाया गेले ते पेटीवरच्या नावामुळे. अशा सेटची पेटी आणि अॅम्प्लिफायर एका कंपनीचे असले तरी चेंजर बहुतेक वेळा बाहेरून घेतलेला असे. ब्रिटनमध्ये बीएसआर, गॅरार्ड आणि कोलारो, जर्मनीत ड्युअल आणि पेर्पेटुउम-एबनर, अमेरिकेत व्हीएम अशा मोजक्या कारखान्यांचे चेंजर कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या पेट्यांत बसलेले आहेत. त्यावरचे कार्ट्रिज पुन्हा तिसऱ्याच कंपनीचे, सोनोटोन, रॉनेट किंवा अकॉस यांपैकी कुणाचे, असू शकते. म्हणून पेटीचा मॉडेल क्रमांक विसरा. थाळी काढा आणि चेंजरच्या पत्र्यावर वरून व खालून कुठे ठोकलेली अक्षरे, चिकटवलेली पट्टी किंवा शाईचा शिक्का आहे का ते पाहा. चेंजरचा क्रमांक मिळाला की चाक, स्पिंडल, स्प्रिंगा हे सर्व त्या क्रमांकाने शोधता येते. सुई मात्र चेंजरच्याही नावाने शोधू नये, ती कार्ट्रिजच्या क्रमांकाने शोधावी, कारण एकाच चेंजरवर वेगवेगळी कार्ट्रिजे बसवली जात.

क्रमांक पुसट झाला असेल तर कार्ट्रिज कंसातून सोडवून त्याची पाठ आणि दोन्ही कुशी भिंगाखाली, प्रकाश तिरपा धरून पाहाव्यात. बहुतेक वेळा अक्षरे प्लास्टिकमध्येच उठवलेली असतात आणि धुळीने बुजलेली असतात. तरीही काही सापडले नाही तर दोन्ही बाजूंची, सुई ज्या खाचेत अडकते त्या खाचेची आणि मागच्या पिनांची छायाचित्रे काढून ठेवा. सुयांच्या जुन्या तक्त्यांत चित्रे असतात, आणि आकारावरून ओळख पटते.

आता वेगाबद्दल. तुमचे ३१ हे माप फार उपयोगी आहे. ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला सेट ५० हर्ट्झवर चालवला तर मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, आणि ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे, तेही अगदी स्थिर, मिळतात. तसे असते तर दांड्यावरची पुली बदलावी लागली असती. तुमचे फेरे त्याहून बरेच जास्त आहेत आणि हलतात, म्हणजे पुली बरोबर आहे आणि चाक घसरते आहे किंवा जुने ग्रीस घट्ट झाले आहे. चाकाचा दांडा, थाळीचे बेअरिंग आणि मोटरची दोन्ही बेअरिंगे आधी पूर्ण स्वच्छ करून त्यांत हलके तेल थेंबाथेंबाने घाला. रबरावर आणि थाळीच्या आतल्या कडेवर तेलाचा अंशही राहू देऊ नका.

चाक नवे मिळत नसेल तर जुन्याच धातूच्या भागावर नवे रबर चढवून आणि घासून गोल करून देणारे कारागीर आहेत. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मधल्या चाकाच्या व्यासावर थाळीचा वेग अवलंबून नसतो. पुलीचा व्यास आणि थाळीच्या आतल्या कडेचा व्यास यांच्या प्रमाणावरच तो ठरतो, मधले चाक फक्त गती पुढे पोहोचवते. त्यामुळे नवे रबर मिलिमीटरभर जाड-बारीक झाले तर वेग बिघडत नाही. ते पुलीच्या सर्व पायऱ्यांपर्यंत (दर वेगाला एक) पोहोचले पाहिजे, तंतोतंत गोल असले पाहिजे आणि मधले भोक ढिले नसले पाहिजे. खड्डा पडतो तो कळ एखाद्या वेगावर ठेवून सेट वर्षानुवर्षे उभा राहिल्याने, कारण चाक एकाच जागी दाबले जाते. पुढे सेट न वापरता ठेवाल तेव्हा चाक सुटे राहील अशा बेताने कळ ठेवा.

डाव्या बाजूबद्दल एक प्रश्न विचारतो : रेडिओ लावल्यावरही डावीकडचा आवाज फाटतो का?

प्रतिसाद : खुंटी

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी स्वतः तो उद्योग करून हात पोळून घेतले आहेत. जुने सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या हालचालीच्या दाबाने वीज देणारे) अर्धा-एक व्होल्टच्या आसपास देते, तर मॅग्नेटिक जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट देते. म्हणजे मध्ये वेगळा प्रीअॅम्प्लिफायर आला, आणि तोही आरआयएए या रेकॉर्डींच्या ठरावीक प्रमाणाप्रमाणे खर्ज-तारस्वरांचा तोल सावरणारा. सिरॅमिकमध्ये तो तोल कार्ट्रिजच्याच गुणधर्माने आणि मोठ्या रोधाच्या जोडणीने जवळपास साधला जातो. शिवाय चेंजरची भुजा चार-सहा ग्रॅम भार धरून बनवलेली असते आणि रेकॉर्ड संपल्यावर तिनेच यंत्रणेचा खटका ढकलायचा असतो. दीड-दोन ग्रॅमवर चालणारे नाजूक कार्ट्रिज तिथे तग धरत नाही. थाळी पोलादी असेल तर कार्ट्रिजमधले चुंबक तिच्याकडे ओढले जाऊन भार वाढतो, आणि उघड्या मोटरची गुणगुण ते पकडते ती वेगळीच. मूळ प्रकार मिळालाच नाही तर आजच्या सूटकेसवजा स्वस्त प्लेअरमध्ये येणारे सिरॅमिक कार्ट्रिज कंस जुळवून बसवता येते. आवाज सामान्य असतो, पण सेट बोलू लागतो.

एलपीच्या बाजूची सुई मिळेपर्यंत ७८च्या बाजूने एलपी वाजवण्याचा प्रयोग कृपया करू नये. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७६ मायक्रॉन असते, स्टिरिओ एलपीच्या सुईची साधारण १८ मायक्रॉन. जाड टोक खोबणीत उतरतच नाही, वरच्या कडा मात्र खरवडून काढते.

– धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हॉल्व्हवाला यांच्या प्रश्नाचे उत्तर : होय, रेडिओवरही डावा आवाज तसाच फाटतो. इतके दिवस मी तो दोष सुईच्या माथी मारत होतो. अॅम्प्लिफायरमध्ये ईसीएल ८६ क्रमांकाचे दोन व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) दिसतात.

प्रतिसाद : व्हॉल्व्हवाला

मग कार्ट्रिज या बाबतीत निर्दोष आहे. ईसीएल ८६ प्रत्येक बाजूला एक असा असणार. अमेरिकी यादीत तोच ६जीडब्ल्यू८ या नावाने मिळतो, शोधताना दोन्ही क्रमांक घाला. पण विकत घेण्याआधी, सेट बंद करून आणि व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, दोघांची अदलाबदल करा. दोष उजवीकडे सरकला तर व्हॉल्व्ह गेला आहे. डावीकडेच राहिला तर त्या बाजूचा जुना कागदी कपॅसिटर गळतो आहे असा माझा पहिला संशय राहील. आधीच्या टप्प्याकडून पेंटोडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या स्पीकर चालवणाऱ्या भागाच्या, ग्रिडला (प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या जाळीला) जोडणारा तो. गळती असली की ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह नको तितका तापतो आणि आवाज फाटतो. त्याच मूल्याचा, दाब सहन करण्याची क्षमता तितकीच किंवा जास्त असलेला आजचा फिल्म कपॅसिटर तिथे चालतो, आणि एका बाजूचा बदलताना दुसऱ्याही बाजूचा बदलावा. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वयाने सुकलेले असतात. ते बदलताना मूळ मूल्याच्या फार वर जाऊ नये, नाहीतर एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो.

हे काम व्हॉल्व्ह हाताळलेल्या माणसाकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. स्पीकरच्या तारा सोडलेल्या असताना सेट चालू करणेही टाळा, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो शोधणे सुई शोधण्याच्या दसपट कठीण आहे.

– धागाकर्ता

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. अदलाबदल करूनही दोष डावीकडेच राहिला. एका अनुभवी तंत्रज्ञांनी दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलल्यावर रेडिओ दोन्हीकडून सारखा आणि स्वच्छ वाजू लागला. चेंजरचा क्रमांक थाळीखालच्या पत्र्यावर, वंगणाच्या थराखाली सापडला, आणि वर सांगितलेल्यांपैकीच एका कारखान्याचे नाव निघाले. कार्ट्रिजच्या कुशीवरची अक्षरे तिरप्या प्रकाशात वाचता आली, त्या क्रमांकाने पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी सुई मिळाली. चाक रबर चढवण्यासाठी पाठवले आहे.

चेंजर उचलल्यावर मात्र एक नवी गोष्ट कळली. ज्या स्प्रिंगांवर तो तरंगतो त्यांपैकी एक गायब आहे, आणि तिच्या जागी कुणीतरी लाकडाचा ठोकळा सारलेला आहे. स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्यांची थरथर त्या ठोकळ्यातून थेट सुईपर्यंत पोहोचेल अशी मला भीती वाटते.

प्रतिसाद : खुंटी

भीती रास्त आहे. आवाज वाढवला की घुमायला लागेल. पण उरलेल्यांपैकी एखादीसारखी स्प्रिंग करवून घेण्याची घाई करू नका. मोटरकडची बाजू जड असते, म्हणून काही चेंजरमध्ये त्या कोपऱ्याची स्प्रिंग इतरांपेक्षा ताठ दिलेली असते. गायब झालेली कोणत्या कोपऱ्याची आहे?

– धागाकर्ता

नेमकी मोटरकडचीच. चेंजरचा क्रमांक आणि उरलेल्या स्प्रिंगांची छायाचित्रे खाली जोडतो आहे. ज्यांच्याकडे हाच चेंजर मूळ स्थितीत असेल त्यांनी कृपया मोटरजवळच्या स्प्रिंगची भार नसतानाची उंची, बाहेरचा व्यास, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मोजून कळवावी. शक्य असल्यास दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका स्प्रिंगचीही मापे द्यावीत, म्हणजे माझ्याकडच्या स्प्रिंगांशी ताडून पाहता येईल.