वैद्यकीय इच्छापत्र: नोटरी पुरते की कोर्टात जावे लागते?

धरमपेठकर: आईचे (वय 74, तब्येत ठीक) वैद्यकीय इच्छापत्र करायचे आहे, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचे. मसुदा एका ओळीचा आहे, "मला व्हेंटिलेटर लावू नये." साक्षीदार मी आणि धाकटा भाऊ. न्यायाधीशांची सही लागते म्हणतात, खरे का? आणि कागद ठेवायचा कुठे?

सदरचा वकील: ती सहीची अट सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालात होती. सुप्रीम कोर्टाने 24 जानेवारी 2023 ला ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन, बस. साक्षीदार मात्र शक्यतो घराबाहेरचे घ्या, शेजारचे काका-काकू चालतील. तुम्हा दोघा भावांची नावे दुसरीकडे लागतात: आईला बोलता येत नसेल तेव्हा तिच्या वतीने संमती कोण देणार, तिथे. एकाहून जास्त नावे देता येतात, म्हणून दोघांचीही टाका. अन् हे मालमत्तेच्या मृत्युपत्रात घुसडू नका भाऊ. ते कपाटातून निघते तेराव्यानंतर.

आयसीयूवाला: मसुद्याची ती ओळच घात करेल. न्यूमोनियात चार-पाच दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी जाऊ शकतो. तेही नको आहे का आईंना? त्यांच्याशी बोलून साधारण असे लिहा: "मला बरे होण्याची आशा नसलेला आजार असेल आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, छाती दाबून हृदय चालू करणे हे सुरू करू नये, सुरू असल्यास थांबवावे. वेदना आणि धाप यांवरचे औषध शेवटपर्यंत द्यावे." "सुरू करू नये" आणि "थांबवावे" दोन्ही हवेत, कारण इमर्जन्सीत श्वासाची नळी बहुधा आधी पडते, कागद मागून येतो. मोघम कागद डॉक्टरांचे मंडळ बाजूला ठेवू शकते.

कागद दाखवला की लगेच मशीन बंद, असेही नसते. आधी खरेपणा तपासतात. मग रुग्णालयाचे मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यानंतर दुसरे मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. प्रत्येक मंडळाला निर्णयासाठी शक्यतो 48 तास. दोन्ही मंडळांचे जुळले आणि तुम्ही संमती दिली, की अंमल करण्यापूर्वी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. नुसते कळवणे, परवानगी नाही.

धरमपेठकर: मंडळाने नाही म्हटले तर?

सदरचा वकील: हायकोर्टात रिट याचिका. आपल्या नागपुरात खंडपीठ सिव्हिल लाइन्सलाच आहे. तिथेच महापालिकेचे मुख्यालय. महापालिकेत इच्छापत्रांचा अभिरक्षक, म्हणजे ती सांभाळणारा अधिकारी, कोण हे विचारून एक प्रत त्याच्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का-तारखेसह. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एकेक तुम्हा भावांकडे. लॉकरमध्ये मुळीच नको, रात्री 2 वाजता बँक उघडत नाही. आईंचे मत बदलले तर लेखी रद्द करता येते. दोन कागद असले तर नंतरच्या सहीचा धरतात. नवा केलात तर जुन्याच्या प्रती ज्यांना दिल्या, त्या सगळ्यांकडून परत आणा.