पांढरा उंदीर आणि कापशीचा फोटो

काट्याकुट्यातला (धागाकर्ता)
परवा एका पक्षीगटात कापशी घारीचा फोटो आला. लालभडक डोळे, पंख वर, पाय पुढे काढलेले आणि नख्यांत उंदीर. खाली अडीचशे 'वाह'. माझी नजर मात्र उंदरावरच अडकली. पांढराशुभ्र, डोळे गुलाबी. माळावर असला उंदीर दोन दिवसही तगत नाही, तो पिंजऱ्यातूनच आलेला. म्हणजे कुणीतरी गवतात उंदीर सोडला, कॅमेरे जमिनीला टेकवले आणि 'शिकारीचा थरार' टिपला. नीट बघितलं तर बाकीच्या खुणाही दिसतात: कॅमेरा बरोबर पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि पक्षी थेट लेन्सकडे झेपावतोय. एवढं सगळं आपसूक जुळून येतं?

जिवंत आमिष लावून काढलेल्या फोटोला मी वन्यजीवनाचा फोटो म्हणणार नाही. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेतही जिवंत आमिष चालत नाही. तुमचं काय मत?

लेन्सवेडा
साफ असहमत. मी 4 वर्षं कापशीमागे फिरतोय. ती तारेवर बसते, हवेत एका जागी फडफडत थांबते, पाय खाली सोडून उतरते आणि बहुतेक वेळा रिकाम्या पायांनी वर येते. यशस्वी झडप, तीही जवळ, उजेड आपल्या पाठीशी आणि मध्ये गवताची काडी नाही, हे आयुष्यात किती वेळा घडणार? नोकरी करणाऱ्या माणसाला रविवार एकच असतो.

आणि चिमण्यांना दाणे टाकून त्यांचे फोटो काढता, ते आमिष नाही? दाणा चालतो, उंदीर चालत नाही. हा फरक उंदराच्या बाजूने मला कळतो. पक्ष्याच्या बाजूने समजावून सांगा.

काट्याकुट्यातला
पक्ष्याच्याच बाजूने सांगतो. माणूस दिसला की खायला मिळतं, हे तो पक्का शिकतो. पुढच्या माणसाच्या हातात कॅमेराच असेल असं नाही, गलोलही असू शकते. शिवाय हे उद्योग बहुतेक रस्त्याकडेला, गाडीच्या खिडकीतून चालतात. उंदरावर डोळा ठेवून खाली उतरणाऱ्या पक्ष्याला समोरून येणारा ट्रक दिसत नाही. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात येणाऱ्या हिमघुबडांना उंदीर टाकण्यावरून हाच वाद चालू असतो. आणि पिंजऱ्यातल्या उंदराला काय रोग आहे, हे तुम्ही तपासलेलं असतं का?

गुडघेदुखी
दोघंही टोकाला जाताय. माझं वय आणि गुडघे बघता मला लपणाशिवाय, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये असा आडोसा केल्याशिवाय, गत्यंतर नाही. एका जागी बसायचं, समोर मेलेल्या जनावराचं मांस ठेवलेलं, पक्षी आपल्या मर्जीने येणार. यात वावगं काय? वेल्समध्ये लाल घारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजक्या जोड्यांवर आल्या होत्या. आता तिथे ठरलेल्या वेळी मांस टाकतात, घारींचे थवे उतरतात आणि लोक लपणात बसून फोटो काढतात. गिधाडांचंही तेच. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती मरत होती हे 2004 साली उघड झालं. त्यानंतर औषधाचा अंश नसलेलं मांस त्यांच्यासाठी ठेवणं हा संवर्धनाचाच भाग झाला. त्यालाही आमिष म्हणणार का?

काट्याकुट्यातला
नाही म्हणणार. मेलेलं जनावर हेच गिधाडाचं खाणं. माझा मुद्दा *जिवंत* आमिषापुरता आहे, तो शब्द मी मुद्दाम घातला होता.

पिंगळा
आमिषावर एवढं रण माजलंय आणि घरट्यांबद्दल कुणी बोलत नाही. उंदीर देणाऱ्यापेक्षा घरट्याखाली तिवई रोवून बसणारा जास्त नुकसान करतो. मादी उठली, अंडी उन्हात तापली, संपलं. एरिक हॉस्किंग हा नावाजलेला ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार. 1937 साली घरट्याजवळ गेला असताना घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. घुबडाची त्यात काय चूक? मी तर म्हणतो, शिकारी पक्ष्याचं घरटं सापडलं तर जवळच्या मित्रालाही सांगू नये.

लेन्सवेडा
लपवून ठेवलं की वाचतं, असंही नाही. स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनला ऑस्प्रेचं, म्हणजे आपल्या मासेखाऊ कैकरीचं, घरटं होतं. 1958 साली पहारा असूनही चोराने रात्री झाडावर चढून अंडी पळवली आणि जागी रंगवलेली कोंबडीची अंडी ठेवली! पुढच्या वर्षी उलटं केलं: ठिकाण जाहीर केलं, लांबून बघायला जागा केली, लोकांच्या रांगा लागल्या. त्या वर्षी पिल्लं झाली.

पिंगळा
ती गोष्ट मलाही आवडते. पण तिथे रात्रंदिवस पहारा होता आणि लोक लांब ठेवले होते. व्हॉट्सॲपवर ठिकाण टाकणाऱ्याकडे यातलं काय असतं?

नवखा
मोठ्यांच्या भांडणात एक शंका. माझा हा शिक्र्याचा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याचा, फोटो बघा, आमिष वगैरे काही नाही.

गुडघेदुखी
बाळा, हा पावशा आहे, कोकिळेच्या कुळातला. चोच बघ, आकड्यासारखी वळलेली नाही. शेपटीचे पट्टे आणि उडण्याची ढब पाहून छोटे पक्षीसुद्धा फसतात, तू फसलास तर बिघडलं नाही.

लेन्सवेडा
धागाकर्ते, उपदेश पुरे. आमिषाशिवाय उडतानाचा फोटो कसा मिळवायचा, ते तरी सांगा.

काट्याकुट्यातला
बसून. पक्ष्याची बसायची जागा ठरलेली असते. खाली शिटेचे पांढरे ओघळ दिसतात, तीच खूण. ऊन आपल्या पाठीशी येईल असं बसायचं, शटर 1/2500 सेकंदाला आणि बोट तयार. उडण्याआधी तो डोकं वरखाली करून अंतर जोखतो, अंग पुढे झुकवतो आणि बऱ्याचदा शिटतो. शिटला की दाबायचं. गेल्या खेपेला 3 तास बसलो. तो शिटला, मी दाबलं, आणि फ्रेममध्ये आली शेपटी.

लेन्सवेडा
बघा! तुमची शेपटी, आमच्या नख्या.

काट्याकुट्यातला
'आमच्या'?

लेन्सवेडा
हो, तो फोटो माझाच. कालपासून सांगू की नको, चाललं होतं. उंदीर सोडला त्याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही, पण लपवलं ते चुकलं, एवढं मान्य. आत्ताच फोटोखाली ओळ घातली: 'उंदीर आम्ही सोडला होता.'

पिंगळा
मग? लोक काय म्हणाले?

लेन्सवेडा
एकाने शिव्या दिल्या. तिघांनी विचारलं, उंदीर कुठून आणला.