जुन्या गाडीच्या कार्पेट मॅटवरचे डाग वाळल्यावर पुन्हा उमटतात

जुनीगाडी:
नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी १८ वर्षे जुनी गाडी विकत घेतली. इंजिन उत्तम आहे, बाहेरचा रंगही टिकून आहे. मात्र आतील मूळ कार्पेट मॅटची अवस्था फार वाईट आहे. चालकाच्या मॅटवर, जिथे टाच टेकते तिथे, तळहाताएवढा काळा ओशट पट्टा पडला आहे. शेजारच्या सीटपुढील मॅटवर दूध घातलेली कॉफी सांडल्याचा तपकिरी डाग असून त्याला आंबूस वास येतो. मागच्या दोन्ही मॅट नुसत्या मळकट आहेत. या गाडीसाठी बनवलेल्या मॅट आता मिळत नाहीत, आणि कोणत्याही गाडीला चालतील म्हणून विकल्या जाणाऱ्या मॅट पायाखाली सरकतात, त्यामुळे आहेत त्याच वाचवाव्यात असे मनापासून वाटते.

आतापर्यंत कपडे धुण्याची पावडर बादलीभर पाण्यात घालून, त्यात मॅट भिजवून आणि कडक ब्रशाने घासून मी त्या दोनदा धुतल्या. ओल्या असताना त्या स्वच्छ दिसतात. वाळल्या की कॉफीचा डाग त्याच जागी, कडेला अधिक गडद होऊन उमटतो आणि लव हाताला राठ व चिकट लागते. माझे काय चुकते आहे आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

धुळाक्षरे:
आपला डाग धुताना खाली उतरतो आणि वाळताना पुन्हा वर चढतो. कार्पेट मॅटच्या तळाला बहुधा रबराचा थर असतो व त्यातून पाणी खाली निथळत नाही, म्हणून बादलीत भिजवल्यावर विरघळलेला मळ तंतूंच्या मुळाशी जाऊन साचतो. पुढे मॅट वाळू लागते तेव्हा पाण्याची वाफ तंतूंच्या टोकांशी होते. दिव्याची वात तेल ओढते तसे तंतू खालचे पाणी वर ओढतात, पाणी उडून जाते आणि त्याने सोबत आणलेला मळ टोकांवर राहतो. राठपणा आणि चिकटपणा हा न निघालेल्या साबणाचा आहे, आणि तो साबण पुढची धूळही धरून ठेवतो. म्हणून पाणी आणि पावडर दोन्ही कमी करावीत.

सुरुवात पूर्ण कोरड्या मॅटपासून करावी. मॅट उलटी धरून पाठीवर काठीने ठोकावी, मग सुलटी करून व्हॅक्यूम क्लीनर आधी उभा आणि नंतर आडवा, अगदी सावकाश फिरवावा. माझ्या जुन्या गाडीची एक मॅट मी तीनदा धुतली होती. त्यानंतर ती उलटी करून ठोकली तेव्हा खाली पसरलेल्या कागदावर ओंजळभर बारीक वाळू जमली. ही वाळू आत असताना पाणी घातले तर तिचा चिखल होतो आणि ब्रशाखाली तीच तंतूंना खरवडत राहते.

टाचेखालचा पट्टा तेलकट आहे, त्यामुळे तिथे नुसत्या पाण्याचा उपयोग नाही. पांढऱ्या सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, मॅटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग उतरत नाही ना हे आधी पाहावे, आणि मग डाग कडेकडून मध्याकडे टिपत जावे. कापडावर काळे उतरले की घडी बदलावी, नाहीतर तोच मळ परत लागतो. हे काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. कापडावर काळे येणे थांबले की भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशाने उरलेला चिकटा सोडवावा.

कॉफीच्या डागात तीन गोष्टी एकत्र आहेत: कॉफीचा रंग, दुधातील स्निग्धांश आणि दुधातील प्रथिने. आंबूस वास दुधाचा आहे. त्यावर एन्झाइम असलेला कपड्यांचा द्रव साबण किंवा डाग काढण्याचे एन्झाइमयुक्त द्रावण कोमट पाण्यात पातळ करून लावावे आणि वरून ओले फडके टाकून अर्धा तास ओले ठेवावे. पाणी कढत नसावे, कारण उष्णतेने प्रथिने घट्ट बसतात आणि एन्झाइमही निकामी होतात. त्यानंतरही तपकिरी छटा उरली तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड जपून वापरता येईल. ते मॅटचा मूळ रंगही फिका करू शकते, म्हणून कोपऱ्यावरची चाचणी इथे टाळू नये.

सर्वात महत्त्वाची पायरी यापुढची आहे. मॅट उतरत्या फळीवर ठेवून थोडे थोडे स्वच्छ पाणी सोडावे आणि फेस येणे थांबेपर्यंत ते रबरी पट्टीने एकाच दिशेला खाली लोटावे. ओले ओढणारा व्हॅक्यूम असेल तर उत्तमच. मग डागाच्या जागी जाड पांढऱ्या टॉवेलाची घडी ठेवून तिच्यावर जड वजन रात्रभर ठेवावे. वर चढणारा मळ आता टॉवेलात शिरतो. सकाळी टॉवेलावर डागाचा ठसा दिसेल. त्यानंतरच मॅट वाऱ्यावर टांगावी.

चौथागिअर:
वरील पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे. केवळ काही धोक्यांकडे लक्ष वेधतो. पेट्रोलने ग्रीस निघते असे अनेक जण सांगतात, पण त्याची वाफ पेट घेते, रबराचा थर फुगून सुटतो आणि वास महिनोन्महिने जात नाही. क्लोरीनचे ब्लीच नायलॉनचे तंतू कमकुवत करते. ते व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळले तर विषारी वायू तयार होतो, हे कृपया कोणीही विसरू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. ते एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फसफसण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. दाबाच्या पाण्याची फवारणी करायचीच असेल तर तोंड हातभर लांब आणि तिरके धरावे, अन्यथा लव मुळासकट उपटून येते.

जुनीगाडी:
दोघांचेही मनापासून आभार. काम करताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. कॉफीची मॅट मी बाहेर वाळत घातली होती, तरीही तिच्या जागी गाडीचे मूळ कार्पेट ओलसर लागले. पाऊस नाही, काही सांडलेलेही नाही.

आडवाट:
मग मॅट परत टाकण्याची घाई करू नये, कारण ओल खालून येत आहे. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरचे कापड कोरडे लागले तरी मुठीने दाबल्यावर पाणी वर येते. त्या पाण्यात कागदी रुमाल दाबून पाहावा. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल तर बहुधा एसीच्या पाण्याची निचरा नळी तुंबलेली असते. एसी वीस मिनिटे चालू ठेवून गाडीखाली पाहावे. दमट हवेत तिथे थेंब पडलेच पाहिजेत. याउलट पाणी बोटांना निसरडे लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काच आतून धुरकट होत असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळत आहे असे समजावे. कूलंट विषारी असते, मुले आणि पाळीव प्राणी त्यापासून दूर ठेवावेत आणि गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी. कारण काहीही असो, फोम पूर्ण वाळवणे आवश्यक आहे. जुन्या गाडीचा पत्रा त्या ओलीखाली गंजत राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

जुनीगाडी:
कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. पाणी स्वच्छ होते. निचरा नळी चिखल आणि पाचोळ्याच्या गुठळीने पूर्ण बंद होती. ती मोकळी करताच गाडीखाली कपभर पाणी धो धो पडले. कार्पेटची कड उचलून फोमखाली पंख्याचा वारा दिला, तरी वाळायला चार दिवस लागले. पत्र्यावर वरवरचा गंज होता, तो घासून रंग लावला. कॉफीचा डाग दुसऱ्या टॉवेलात उतरला आणि वासही गेला. टाचेखालचे तेल निघाले, परंतु तिथे करड्या रंगाचा पुसट ठसा राहिला आहे. तो कशाने निघेल?

धुळाक्षरे:
तो निघणार नाही, आणि त्यासाठी आणखी घासू नये. वर्षानुवर्षे टाच घासून तंतूंवर ओरखडे उमटले आहेत, त्यामुळे प्रकाश वेगळा परावर्तित होतो आणि स्वच्छ जागाही मळकट दिसते. मॅट आता बसवायला हरकत नाही. तळाच्या खुंट्या तिच्या भोकांत नीट अडकवाव्यात, झीज झाकण्यासाठी वर दुसरी मॅट टाकू नये आणि इंजिन बंद असताना अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडून पाहावा. तो मॅटला न अडता आपोआप वर आला पाहिजे.